एसीचा गॅस दर उन्हाळ्यात कमी का होतो? ओळखायचं कसं आणि करून काय घ्यायचं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी,

बेडरूममध्ये दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, आर ३२ गॅसचा. घेऊन चार वर्षं होतील. गेल्या एप्रिलमध्ये कूलिंग कमी वाटलं म्हणून मेकॅनिकला बोलावलं. त्याने आउटडोरला गेज (दाब मोजायचा काटा) लावला, "गॅस कमी आहे साहेब" म्हणाला, पंधरा मिनिटांत गॅस भरला आणि तीन हजार घेऊन गेला. एसी लगेच गार झाला, उन्हाळा निघाला. यंदा पाडव्यानंतर लावला तर पुन्हा तीच गत. रात्रभर चालूनही खोली २७-२८ च्या खाली उतरत नाही. त्याच माणसाला फोन केला, तर न बघताच म्हणतो, "गॅस टाकावा लागेल."

गॅस असा दर वर्षी कमी होतो का? तो खरंच कमी आहे हे आपलं आपल्याला कळू शकतं का? आणि असलाच कमी, तर नेमकं काय करून घ्यायचं म्हणजे पुढच्या चैत्रात पुन्हा हेच नको? आईला उकाड्याने झोप लागत नाही, त्यामुळे या आठवड्यातच काम उरकायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

गारवा_हवा

आमच्या सोसायटीत मार्च लागला की एकच माणूस सिलिंडर खांद्यावर टाकून मजले चढत असतो. सगळ्यांचा गॅस एकदमच कसा संपतो हा प्रश्न मलाही पडलाय. वाचतोय.

दर्यावर्दी

यात एवढं काय? दर दोन-तीन वर्षांनी गॅस भरावाच लागतो. यंत्र चाललं की गॅस खर्च होणारच. रत्नागिरीला आमच्याकडे दोन एसी आहेत, दोन्हींचं हेच. मेंटेनन्स समजायचा आणि मोकळं व्हायचं.

शीतयंत्री

दर्यावर्दी, तुमचा अनुभव खराच असणार, पण कारण ते नाही. एसीतला गॅस चालण्याने खर्च होत नाही. तो तांब्याच्या नळ्यांत बंदिस्त असतो. इनडोरमध्ये द्रवाचा वायू होताना खोलीतली उष्णता उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबून बाहेर पाठवतो, तिथे ती उष्णता टाकून तो पुन्हा द्रव होतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. तेव्हा गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी बाहेर गेलाय, आणि ज्या वाटेने गेला ती वाट अजून उघडी आहे. ती न शोधता नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका. मी आयटीआयमध्ये हाच ट्रेड शिकवतो आणि पहिल्या आठवड्यातच मुलांकडून हे घोटून घेतो.

सिंहगडरोडकर, मेकॅनिक यायच्या आधी एवढं करा. फिल्टर धुऊन, वाळवून परत बसवा. दारं-खिडक्या लावा, एसी १८ वर, पंखा फुल. वीस मिनिटं चालू द्या. मग एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. आधी इनडोरच्या वरच्या बाजूला धरा, जिथून हवा आत ओढली जाते. मग खालच्या झडपेशी, जिथून गार हवा येते. दोन्हींत १० ते १२ अंशांचा फरक यायला हवा, पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये थोडा जास्तच येतो. ५-६ वर अडला असेल तर गडबड आहे.

मग आउटडोर. त्याच्या बाजूच्या वॉल्वना दोन नळ्या जोडलेल्या असतात, एक बारीक, एक जाड. तब्येत चांगली असेल तर जाड नळी गार लागते आणि तिला घाम आलेला असतो. गॅस कमी असेल तर बारीक नळीवर, अगदी वॉल्वच्या तोंडाशी, पांढरा बर्फ धरतो आणि जाड नळी कोरडी, कोमट राहते. शिवाय आउटडोरचा पंखा जी हवा फेकतो ती चांगली गरम हवी. जेमतेम कोमट असेल तर खोलीतून उष्णता उचललीच जात नाहीये.

आउटडोर ग्रिलच्या बाहेर लोंबत असेल तर हे लांबून डोळ्यांनीच बघा, हात घालायला जाऊ नका.

नीलमोहर

पण बर्फ फिल्टर घाण असला तरी धरतो ना? आमच्या इनडोरमधून चक्क बर्फाचे तुकडे पडत होते आणि नंतर भिंतीवरून पाणी. मेकॅनिकने फिल्टर आणि कॉइल धुतली, संपलं. गॅसचं नावही काढलं नाही त्याने.

शीतयंत्री

भला माणूस भेटला तुम्हाला. फरक असा बघायचा. हवा अडली असेल तर अख्ख्या कॉइलवर एकसारखा बर्फ चढतो, आणि जाड नळीसुद्धा बर्फाळते. गॅस कमी असेल तर जिथून द्रव आत शिरतो तेवढाच कॉइलचा भाग पांढरा होतो, बाकीची कॉइल कोरडी ठणठणीत. पुढचं झाकण उघडून टॉर्च मारला की दिसतं. आणि गॅस अगदीच तळाला गेला असेल तर बर्फही धरत नाही, नुसता पंख्याचा वारा येतो. अशा वेळी इन्व्हर्टर मशीन बहुतेकदा एरर कोड दाखवून कॉम्प्रेसर बंद करतं.

चहाबाज

एक बाळबोध शंका. कूलिंग कमी होण्याला गॅस सोडून आणखी काय काय कारणं असतात?

यंत्रवेल्हाळ

पुष्कळ. आउटडोरची जाळी धुळीने किंवा कबुतरांच्या पिसांनी चोंदलेली. आउटडोरच्या पंख्याचा कॅपॅसिटर गेलेला, म्हणून पंखा मंद किंवा बंद. सेन्सर बिघडलेला. व्होल्टेज कमी. खोली मोठी आणि एसी लहान. वरच्या मजल्याचा तापलेला स्लॅब. आमच्या ठाण्याच्या घरी कबुतरीणबाईंनी आउटडोरच्या मागे संसार थाटला होता, अंडी फुटून पिल्लं उडेपर्यंत आईने एसी लावू दिला नाही. नंतर घरटं काढलं, जाळी धुतली, आणि कूलिंग आपोआप परत.

वऱ्हाडी_ठेचा

नागपुरातून सांगतो राजेहो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५-४६ ले जाते. एसीच्या डब्यावर जे दीड टन लिहून असते ते बाहेर ३५ अंश असताना मोजलेलं असते. बाहेर ४६ झालं तर त्याची ताकद घटतेच, त्यात आउटडोर पश्चिमेच्या गच्चीवर उन्हात ठेवला असन तर विचारूच नका. दुपारी तीनले लोकं गॅस कमी म्हणून बोंबलतात आन् रात्री दहाले तोच एसी गारेगार. रात्री बरोबर गार होते म्हणजे गॅस जागेवर आहे. काहून भरता फुकटचा? आउटडोरले सावली करा, पण वारा अडवू नका.

बाकी वाळ्याच्या टट्टीचा कूलर तो कूलरच, त्याले गॅसही लागत नाही आन् गेजही.

कावेरी

कूलर नागपुरात ठीक आहे हो. आमच्या मुंबईत कूलर लावला तर पापड सादळतील आणि माणसंही.

मस्कतकर

वऱ्हाडी_ठेचा यांचं बरोबर आहे. इकडे आखातात टी ३ प्रकारची मशीनं मिळतात, त्यांची क्षमता ४६ अंशांवरही मोजलेली असते. विदर्भ-मराठवाड्यात एसी घेताना दुकानदाराला हे जरूर विचारा की जास्त तापमानाला क्षमता किती राहते.

पारंब्या

धाग्याच्या मूळ विषयाकडे. आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने एसी बंद ठेवूनच गेज लावला, काटा दाखवला आणि म्हणाला "बघा मॅडम, कमी आहे." मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. बंद एसीवर गेज बघून गॅस किती आहे हे कळतं का?

शीतयंत्री

नाही कळत. हे प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखं आहे. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये गॅस भरलेला असो की पाव उरलेला, शेगडीची ज्योत शेवटपर्यंत साधारण सारखीच राहते ना? आत द्रवाचा थेंब शिल्लक असेपर्यंत दाब ठरतो तापमानावर, किती उरलाय त्यावर नाही. एसीचंही तेच. ३५ अंशांना बंद मशीनमध्ये आर २२ (जुन्या मशीनमधला गॅस) असेल तर साधारण १८० पीएसआय (दाबाचं माप), आर ३२ किंवा आर ४१०ए असेल तर ३०० च्या आसपास. निम्मा गॅस गेलेल्या मशीनचा काटाही जवळजवळ तेच दाखवेल. काटा फारच खाली असेल तर मात्र आत द्रवच उरलेला नाही, म्हणजे जवळपास सगळा गेला.

चालू मशीनवरचा दाब उपयोगाचा. आर २२ ला सक्शन, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचा दाब, ६०-७० पीएसआय, आर ३२ आणि आर ४१०ए ला १२० च्या पुढेमागे. पण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलेल तसा हा आकडाही हलतो. म्हणून एका आकड्यावर निकाल द्यायचा नसतो. दाब, नळ्यांची अवस्था, हवेतला फरक आणि क्लॅम्प मीटरवरचे अँपिअर (तारेभोवती मीटर धरून मोजलेला वीजप्रवाह), हे सगळं एकाच दिशेला बोट दाखवत असेल तरच गॅस कमी म्हणायचं. गॅस कमी असला की कॉम्प्रेसरवर भार कमी येतो, त्यामुळे अँपिअर आउटडोरच्या पाटीवर छापलेल्या आकड्यापेक्षा बरेच खाली राहतात.

चहाबाज

मग बिल कमी यायला हवं! आमचं तर वाढतं.

यंत्रवेल्हाळ

वाढणारच. घडीला वीज थोडी कमी ओढतो, पण खोली ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही. त्यामुळे कॉम्प्रेसर दमच खात नाही, रात्रभर पळतो. त्यात कॉम्प्रेसरला परत येणाऱ्या गार गॅसनेच थंडावा मिळत असतो. तो अपुरा पडला की कॉम्प्रेसर तापतो आणि शेवटी मान टाकतो. गॅस कमी असलेला एसी "चालतोय तोवर चालू दे" म्हणून रेटू नये तो यासाठी.

खाडीकिनारा

मी ऐरोलीला राहतो, खाडीपासून जवळ. हा विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबण लागेल.

आमच्या इमारतीत नवे एसीसुद्धा दीड-दोन वर्षांत गॅस सोडतात. सर्व्हिसवाले येत, टॉप-अप करून जात. कंपनीकडे तक्रार केली तर "वातावरणाचा परिणाम आहे, वॉरंटीत बसत नाही" असं उत्तर. शेवटी एका मुरलेल्या मेकॅनिकने इनडोर भिंतीवरून उतरवून कॉइल बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. कॉइलच्या टोकाला नळीचे जे यू आकाराचे वळसे असतात ते काजळी धरल्यासारखे काळे पडले होते. त्याने साबणाचा फेस ब्रशने लावला. एका वळशावर मोहरीएवढा बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. डोळ्यांना भोक दिसतच नव्हतं.

कारण हायड्रोजन सल्फाइड. खाडीच्या गाळातून, सांडपाण्याच्या नाल्यांतून जो कुजका वास येतो तोच. तो तांब्याला खातो. तुमच्या घरी हे घडतंय का ते ओळखायची सोपी खूण म्हणजे देवघरातली चांदीची भांडी आणि पोरींचे पैंजण. घासून ठेवले की थोड्याच दिवसांत काळे पडत असतील तर एसीच्या तांब्याचंही तेच चाललंय असं समजा.

आणखी एक. दुकानात निळ्या रंगाची कॉइल दाखवून "गंजत नाही" असं सांगतात. तो निळा थर अॅल्युमिनियमच्या पत्र्यांवर असतो, टोकाचे तांब्याचे वळसे बहुधा उघडेच असतात. नवा एसी घेणार असाल तर वळशांवरही लेप आहे का हे विचारा, आणि कॉइलवरची वॉरंटी किती वर्षं व त्यातून काय काय वगळलंय, हे बारीक अक्षरातलं वाचून मगच पैसे मोजा.

दर्यावर्दी

खाडीकिनारा, धन्यवाद. रत्नागिरीला आमचं घर समुद्राच्या तोंडावर आहे. म्हणजे आमच्याकडचा गॅस "खर्च" होत नव्हता, खारा वारा तो बाहेर काढत होता असं दिसतंय. पुढच्या वेळी कॉइल तपासून घेतो.

मनकवडा

थोडं वेगळं मत मांडतो. लीक बारीक असेल आणि वर्षभर गॅस पुरत असेल तर दर वर्षी तीन हजार देणं परवडतं. कॉइल बदलायची तर दहा-बारा हजारांची बात, शिवाय मजुरी. सात-आठ वर्षं जुन्या मशीनवर एवढे घालण्यापेक्षा टॉप-अप करत दोन उन्हाळे काढायचे आणि मग नवा घ्यायचा. सगळ्यांकडे एकदम खर्च करायला पैसे नसतात.

शीतयंत्री

जुन्या मशीनपुरता तुमचा हिशेब समजू शकतो, पण एक गोष्ट त्यात धरलेली नाही. बहुतेक लीक कॉइलमध्ये नसतातच. ती असतात फ्लेअर नटवर, म्हणजे नळी इनडोरला आणि आउटडोरला जिथे आट्यांनी जोडतात तिथे, नाहीतर सर्व्हिस वॉल्वच्या पिनमध्ये. तिथली दुरुस्ती शेकड्यांत होते. लीक कुठे आहे हेच बघितलं नाही तर दहा हजारांचं काम आहे की पाचशेचं, हे कळणार कसं?

आजोळ

आणि हवेत जाणाऱ्या गॅसचं काय? मी पर्यावरणाच्या क्षेत्रात काम करते, म्हणून हे बोलल्याशिवाय राहवत नाही. शंभर वर्षांच्या हिशेबाने १ किलो आर ३२ हवेत सोडणं म्हणजे सुमारे ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्याएवढी उष्णता अडकवणं. आर ४१०ए चा आकडा २,०८८ आहे. आर २२ तर ओझोनलाही खातो. मॉन्ट्रियल करार १९८७ चा, त्याखाली आपल्याकडे नव्या उपकरणांत आर २२ वापरणं १ जानेवारी २०२५ पासून बंद झालंय. आर ३२ सारख्या वायूंसाठी त्याच कराराची २०१६ ची किगाली दुरुस्ती आहे, तिला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि २०२८ पासून आपल्यालाही त्यांच्या वापराला मर्यादा घालायची आहे. घरोघरी दर चैत्रात थोडा थोडा गॅस हवेत जातो, तो कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही.

मनकवडा

आजोळ, हे आकडे मला माहीत नव्हते. आर ३२ "पर्यावरणपूरक" म्हणून विकतात, त्याचा अर्थ पूर्णपणे निरुपद्रवी असा घेतला होता. शीतयंत्री यांचं फ्लेअर नटचंही पटलं. आधी लीक बघायचं, मग परवडतं की नाही ते ठरवायचं.

टेक्ससचा_पाव्हणा

इकडे अमेरिकेत पर्यावरण खात्याचं ६०८ क्रमांकाचं प्रमाणपत्र असल्याशिवाय एसीचा गॅस विकतही मिळत नाही. घरमालकाला स्वतः टॉप-अप करायचा प्रश्नच येत नाही. नव्या घरगुती मशीनमधून आर ४१०ए पण २०२५ पासून बाद झाला, आता आर ४५४बी आणि आर ३२. मेकॅनिक महाग असतो, पण वजनकाटा घेऊनच येतो.

यंत्रवेल्हाळ

वजनकाट्याचा विषय निघालाच आहे तर, आउटडोरच्या पाटीवर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. उदाहरणार्थ "आर ३२, ०.८० किलो". गॅस भरायचा तो तेवढाच, काट्यावर मोजून. नळी नेहमीपेक्षा लांब असेल तर मीटरमागे किती ग्रॅम वाढवायचे ते इंस्टॉलेशनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. "काटा बघून अंदाजाने टाकतो" हे इन्व्हर्टरला चालत नाही. कमी पडला तर कूलिंग नाही, जास्त झाला तर दाब वाढून कॉम्प्रेसरचं नुकसान.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री शीतयंत्री यांनी सांगितल्याप्रमाणे बघितलं. वर २९, झडपेशी २२. फरक फक्त ७. आउटडोर बाल्कनीतच आहे, त्यामुळे नळ्या नीट दिसल्या. बारीक नळीच्या वॉल्वशी बर्फाचा पांढरा कोट आणि जाड नळी पूर्ण कोरडी. फिल्टर आधीच धुतला होता. म्हणजे गॅस कमी आहे हे पक्कं.

आता दुसरा मेकॅनिक शोधतोय. फोनवर त्याला नेमकं काय विचारू?

शीतयंत्री

दोनच प्रश्न विचारा. "नायट्रोजन आणता का?" आणि "व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा आहे का?" आढेवेढे घेतले तर दुसऱ्याला फोन लावा.

कामाचा क्रम असा असतो. आधी फ्लेअर नट, वॉल्वच्या पिना आणि इनडोरमागचे जोड उघडे करून बघायचे. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं, त्यामुळे लीकच्या जागी तेलकट धूळ चिकटलेली असते. मग उरलेला गॅस काढून घेऊन आत कोरडा नायट्रोजन भरायचा, आर ३२ ला ३०० ते ४०० पीएसआयच्या दरम्यान, पाटीवरच्या कमाल दाबाच्या आत. साबणाचा फेस लावून प्रत्येक जोड बघायचा. दुरुस्ती झाल्यावर पुन्हा दाब देऊन ठेवायचा. रात्रभर ठेवलात आणि पहाटे पारा १० अंशांनी उतरला तर ४०० चे ३८७-३८८ होतील, ते थंडीमुळे, लीकमुळे नाही. त्याहून जास्त उतरलं तर अजून कुठेतरी गळतंय.

मग नायट्रोजन सोडून व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढणं. हा टप्पा वेळ वाचवायला सर्रास गाळतात, थोडा गॅस सोडून "हवा मारली" म्हणतात. तसं करू देऊ नका. नळीत हवा आणि ओल राहिली की तेलाशी मिळून आम्ल तयार होतं, ते कॉम्प्रेसरला आतून खातं. पंप अर्धा-पाऊण तास चालवायचा, वॉल्व बंद करून पंप थांबवायचा आणि काटा जागचा हलत नाही हे बघायचं. त्यानंतरच वजन करून गॅस.

आणि एक जिवावरचं. दाब द्यायला नायट्रोजनच. कोणी ब्रेझिंगच्या (ज्योतीने तांब्याचे जोड सांधायच्या) नळकांड्यातला ऑक्सिजन वापरायला निघाला तर तिथल्या तिथे थांबवा. ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल दाबाखाली एकत्र आलं की स्फोट होतो. आर ३२ थोडा ज्वलनशीलही आहे, म्हणून काम चालू असताना खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस आत असताना नळीवर ब्रेझिंगची ज्योत लावू देऊ नका.

पारंब्या

हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रीजवर लावतेय.

नीलमोहर

+१. फ्रीजला पण गॅस असतो, त्याचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

बुजगावणं

माझा प्रश्न थोडा वेगळा. बारा वर्षं जुना विंडो एसी, आर २२ चा. मेकॅनिक म्हणतो आर २२ महाग झालाय, त्यात "दुसरा नवा गॅस" टाकतो, स्वस्तात पडेल. टाकू का?

शीतयंत्री

दुसरा म्हणजे कोणता, हे आधी त्याच्याकडून लिहून घ्या. आर ४१०ए आणि आर ३२ यांचा दाब आर २२ च्या जवळजवळ दीडपटीहून जास्त असतो, त्या मशीनच्या नळ्या आणि कॉम्प्रेसर त्यासाठी बनवलेले नाहीत. आर २९० म्हणजे प्रोपेन. त्यासाठीच बनवलेली मशीनं असतात, ती उत्तम चालतात, पण साध्या आर २२ च्या मशीनमध्ये तो भरला तर ठिणगी उडणारे स्विच तिथेच शेजारी असतात. झोपायच्या खोलीत ती जोखीम कशाला? लीक बुजवून आर २२ च भरा. तो परवडत नसेल तर मशीन निवृत्त करा.

बुजगावणं

निवृत्तच करतो. आभार.

सिंहगडरोडकर

अपडेट. दोघांनी नायट्रोजनचं नाव काढताच "गरज नाही" म्हणून फोन ठेवला. तिसरे काका धायरीचे, ते सगळा सरंजाम घेऊन आले.

इनडोर थोडा पुढे ओढून त्यांनी नळ्यांवरचा पांढरा टेप उलगडला. आतला काळा फोम एका जागी तेलाने चिकट झाला होता, बोटाला लागत होतं. फोम कापला तर खाली बारीक नळीचा फ्लेअर नट, आणि त्याच्याभोवती धुळीचं ओलसर कडं. नायट्रोजन दिल्यावर तिथे फेसाचे बारीक बुडबुडे एकामागून एक यायला लागले. नट उघडून त्यांनी मला दाखवलं. नळीचं पसरवलेलं तोंड एका बाजूला केसाएवढं चिरलेलं. बसवताना नट जास्त आवळला की असं होतं म्हणाले. टोक कापून, कडा साफ करून नवं फ्लेअर केलं, तेलाचं बोट लावून टॉर्क पान्याने आवळलं. मग दोन तास दाब ठेवला, काटा हलला नाही. पाऊण तास व्हॅक्यूम. नंतर सिलिंडर काट्यावर ठेवून पाटीवर आहेत तेवढे ग्रॅम.

आता वर २९ आणि झडपेशी १६. जाड नळीला घाम सुटलाय. गॅस धरून साडेचार हजार झाले, त्यातले फ्लेअरचे फक्त चारशे. आई काल रात्री पहाटेपर्यंत एकदाही उठली नाही.

खाडीकिनारा

वा! बिलावर किती ग्रॅम गॅस, कुठला जोड दुरुस्त केला आणि तारीख, हे लिहून घ्या. पुढे कधी गॅस गेला तर त्याच जोडातून गेला की दुसरीकडून हे कळतं.

सिंहगडरोडकर

घेतलंय. काकांनी स्वतःहूनच लिहून दिलं.

कावेरी

माझी एक शंका राहिली. आम्ही पुढच्या महिन्यात ठाण्याहून नाशिकला शिफ्ट होतोय. एसी काढताना गॅस जातोच असं पॅकर्सवाला म्हणतो. खरं का?

शीतयंत्री

नीट काढला तर जात नाही. पंप-डाउन करतात. एसी चालू ठेवून आधी बारीक नळीचा वॉल्व बंद करायचा. कॉम्प्रेसर सगळा गॅस ओढून आउटडोरमध्ये गोळा करतो. काटा शून्याजवळ आला की जाड नळीचा वॉल्व बंद करून लगेच मशीन बंद. मगच नट सोडवायचे. मशीन चालू असताना नट सैल केला किंवा नळीला आधीच लीक असेल तर कॉम्प्रेसर हवा आत ओढतो, आणि हवा व तेल एकत्र दाबलं गेलं की आउटडोर फुटू शकतो. म्हणून हे काम पॅकर्सच्या हमालाकडून नको, एसीच्या मेकॅनिककडूनच करून घ्या. नळ्यांची तोंडं टेपने बंद करायला सांगा. नाशिकला बसवताना फ्लेअर नवे करायचे, जुनेच पुन्हा आवळायचे नाहीत, आणि वॉल्व उघडायच्या आधी नळ्यांना व्हॅक्यूम द्यायचा.

कावेरी

पॅकर्सवाल्याला आत्ताच फोन करून एसी त्याच्या यादीतून काढायला सांगितला. धायरीचे काका ठाण्यापर्यंत येतात का हो, सिंहगडरोडकर?

सिंहगडरोडकर

विचारतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो तुम्हाला.